अकराच्या खाली बारा

मी संशयी बाई आहे. घराबाहेर पडताना गॅसचं बटण तीनदा बघते, कुलूप दोनदा ओढते आणि तरीही खाली उतरल्यावर एकदा परत वर येते. नवरा मला शंकासुर म्हणतो. त्याचं म्हणणं, एवढी काळजी करणाऱ्या माणसाच्या हातून चूक होऊच शकत नाही. त्याला काय कळतंय! ज्या दिवशी मी सगळ्यात जास्त काळजीत होते, नेमक्या त्याच दिवशी मी एका जिवंत माणसाला मारलं. तेही चारचौघांत, इंटरनेटवर.

मुलुंड पूर्वेला आमची तीन मजली बिल्डिंग होती. एका मजल्यावर पंधरा खोल्या आणि त्यांच्यापुढून जाणारी एक लांब गॅलरी. बहुतेक सगळे आमच्या कोकणातल्या एकाच गावचे, एकाला नोकरी लागली की तो दुसऱ्याला आणायचा तसे आलेले. त्यामुळे आडनावंही तीन-चारच. पोस्टमन वैतागायचा आणि खोलीचा नंबर नसेल तर पत्र जिन्यावर ठेवून निघून जायचा. तीन वर्षांपूर्वी बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. ती पाडली आणि पंचेचाळीस बिऱ्हाडं भाड्याच्या घरांत पांगली. आम्ही भांडुपला आलो. कुणी कुर्ल्याला, कुणी गोरेगावला, कुणी थेट बदलापूरला, आणि दोघं-तिघं गावी.

सोसायटीचे सेक्रेटरी पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांना व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपचा भारी राग. एक यादी टाकली की तिच्याखाली शंभर नमस्कार येतात, मग कुणीतरी जुनीच यादी परत टाकतो, आणि मग खरी कुठली यावरून भांडणं. त्यांनी ठरवलं, सोसायटीचं एक पान वेबसाइटवर पाहिजे. जो काय तक्ता असेल तो तिथे, एकच. आणि ते पान मी करायचं. कारण लग्नाआधी घाटकोपरला स्टेशनाजवळच्या एका क्लासमध्ये मी वेब पेज करायला शिकले होते, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. आता मी मुलुंडला एलबीएस रोडवरच्या एका कारखान्यात औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं जुळवते. वीस वर्षांपूर्वी शिकलेलं कोण लक्षात ठेवतं? पण तक्ता करायचं विसरले नव्हते.

तक्त्याची ओळ करणं अगदी सोपं असतं. टीआर म्हणून एक खूण लिहायची, तिथे ओळ सुरू होते. मग टीडी, टीडी, टीडी, एकेका रकान्यासाठी एकेक. शेवटी टीआर बंद केला की ओळ संपली. ओळ संपली तरच पुढची ओळ तिच्या खाली नीट बसते. आमच्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की प्रत्येक ओळ नव्याने लिहीत बसायचं नाही. वरची ओळ कॉपी करायची, खाली चिकटवायची आणि आतले शब्द बदलायचे. सगळं जग असंच करतं. मीही तसंच करायचे.

आमच्या तक्त्याला पाच रकाने होते. खोली क्रमांक, मूळ सभासदाचं नाव, हयात की मयत, कागदपत्रं आली का, आणि नवीन घराचा मजला. तिसऱ्या रकान्यावरून माझी सेक्रेटरींशी वादावादी झाली होती. मी म्हटलं, "अहो, मयत काय? ऐकायला कसं वाटतं ते!" ते म्हणाले, "अगं, वारसांची नावं लावायचीत. बिल्डरच्या ऑफिसात हाच शब्द लागतो. तू लिही." मी लिहिलं. पंचेचाळीस खोल्यांत अकरा मयत निघाले. लिहिताना दर वेळी मी मनातल्या मनात माफी मागायचे.

ओळी मी आडनावाच्या क्रमाने न लावता गॅलरीच्या क्रमाने लावल्या. एकच्या खाली दोन, दोनच्या खाली तीन. सोपं पडेल म्हणून, दुसरं काही नाही. पण पान सुरू झाल्यावर लक्षात आलं की लोक ते रोज उघडून बघतात. कागद आले की नाहीत हे बघायला एकदा उघडलं तर पुरे. तरी गोरेगावहून, बदलापूरहून, गावाहून माणसं येऊन बघून जायची. मग एकदा आबा मला म्हणाले, "ही आपली गॅलरीच हा गो." तेव्हा कुठे मला कळलं की मी काय करून ठेवलंय.

आबा म्हणजे बारा नंबर. आम्ही तेरा; ते माझं माहेर, आणि लग्नानंतरही मी तिथेच राहिले. माझे वडील मी दहावीत असताना गेले, तेव्हापासून ज्या ज्या फॉर्मवर पालकाची सही लागायची ती आबांनी केली. घाटकोपरच्या क्लासच्या फॉर्मवरही त्यांचीच सही होती. गिरणी बंद पडल्यावर ते एका शाळेत शिपाई झाले आणि तिथूनच निवृत्त झाले. माणूस तिखट. बोलायला लागला की समोरच्याने जीव मुठीत धरून ऐकायचं. पण माझ्या आईच्या आजारपणात रोज सकाळी आमच्या दाराला येऊन "कशी हा?" एवढंच विचारून जाणारा माणूसही तोच.

आणि अकरा नंबरला काका-काकू. काका आबांच्या भावकीतलेच, आडनाव एकच. बिल्डिंग पाडल्यावर ते गोरेगावला काकूंच्या भावाकडे राहायला गेले. दर रविवारी काका तिथून मुलुंडला यायचे आणि पत्र्याच्या कुंपणाबाहेर उभे राहून नव्या इमारतीचे किती स्लॅब पडले ते मोजायचे. चार स्लॅब मोजले आणि दीड वर्षापूर्वी गेले. त्यांच्या ओळीत तो शब्द लिहायच्या आधी मी काकूंना फोन करून विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "लिही बाई. आहे ते आहे."

तर, भानगड आबांच्या ओळीची. आबांचे हात हल्ली थरथरतात. सही जुन्या सहीशी जुळेना, म्हणून त्यांचे कागद दोनदा परत आले. आणि सेक्रेटरींचा नियम असा की सही जुळल्याशिवाय तक्त्यात ओळ नाही, बाकीचे कागद मागून आले तरी चालतील. त्यामुळे पानावर अकराच्या खाली एकदम तेरा. आबांचा मला दिवसाआड फोन. "अकराच्या फुडे तेरा? माझी खोली खंय गेली?" मी समजावायचे, ते चिडायचे, आणि फोन ठेवताना म्हणायचे, "जेवलंस मा?"

मग त्यांच्या छातीत दुखायला लागलं. घाटकोपरच्या एका हॉस्पिटलात तपासण्या झाल्या आणि बायपास ठरली, गुरुवारी सकाळी. मंगळवारी संध्याकाळी त्यांनी मला फोन केला. आवाज नेहमीसारखाच चढा. "परवा फाडणार माका. त्याच्या आधी माझी ओळ दिसाक व्हयी. मगे काय होवचा ता होवंदे." मी लगेच सेक्रेटरींच्या मागे लागले. योगायोगाने कागद त्याच दिवशी पास होऊन आले होते. "टाक," ते म्हणाले, "बारा नंबर, सातवा मजला."

बुधवारी सकाळी मी ओळ टाकली. पावणेआठ वाजले होते, कुकर लावलेला, डब्याची भाजी अर्धी झालेली. लॅपटॉप ओट्याच्या कोपऱ्यात उघडला. बारा नंबर अकराच्या खाली यायचा, म्हणून अकराची ओळ कॉपी केली आणि खाली चिकटवली. अकराचे बारा केले. नाव बदललं, आडनाव बदलायची गरजच नव्हती. कागदपत्रं आली, हे तसंच राहिलं. मजला पाचवा होता तो सातवा केला. मग पान चढवलं आणि माझ्या स्वभावाप्रमाणे पाच वेळा तपासलं. नावात चूक नाही ना? नाही. मजला सातवाच ना? सातवाच. आबा नावावरून चिडतील, मजल्यावरून चिडतील, या भीतीने मी तेवढेच दोन रकाने बघत राहिले. तिसऱ्या रकान्याकडे माझं लक्षच गेलं नाही. मग आबांना मेसेज पाठवला. "आबा, तुमची ओळ टाकली. बघा आणि निवांत व्हा."

कारखान्यात आम्हाला फोन आत नेता येत नाही. लेबलावर औषधाची तारीख असते, तिथे लक्ष विचलित झालेलं चालत नाही. फोन दारापाशी ट्रेमध्ये ठेवायचा. सव्वाअकराला चहासाठी बाहेर आले तर आबांच्या मेसेजवर दोन निळ्या खुणा होत्या. वाचलेला, पण उत्तर नव्हतं. आबा एरवी लगेच अंगठा पाठवतात. तेवढ्यात सेक्रेटरींचा फोन आला.

"अगं, आबा कधी गेले? मला कुणी कळवलंसुद्धा नाही."

मी पायरीवर खालीच बसले. ऑपरेशन उद्या, आणि आज गेले? सकाळी तर त्यांना मेसेज केला होता. आजी, म्हणजे त्यांची बायको, एकट्या आहेत तिथे हॉस्पिटलात. मी विचारलं, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी म्हणजे काय? तूच तर लिहिलंयस."

मी पान उघडलं. बारा नंबर, आबांचं पूर्ण नाव, आणि त्यापुढे मयत. काकांच्या ओळीतला शब्द जसाच्या तसा खाली उतरला होता. मी स्वतःच्या हाताने तो आबांच्या नावापुढे ठेवला होता, आणि वर त्यांनाच सांगितलं होतं, बघा आणि निवांत व्हा. करायला गेले गणपती आणि झाला मारुती म्हणतात, पण हे तर त्याहून वाईट होतं. पासवर्ड दोनदा चुकला.

जिन्यात उभं राहून मी फोनवरच ती फाइल उघडली. लॅपटॉपवर जे एका नजरेत दिसतं ते फोनच्या पडद्यावर मावत नाही. पंचेचाळीस ओळी, सगळ्या सारख्या, टीआर, टीडी, टीडी. एक शब्द बघायचा तर बाकीचा पसारा वर निघून जातो. आबांचं आडनाव दिसलं, त्याच्या खालच्या टीडीत मयत दिसलं. मी तो शब्द खोडला, हयात लिहिलं आणि सेव्ह केलं. श्वास सोडला. मग पान परत उघडलं. गोल गोल चक्र फिरत राहिलं, जिन्यातली रेंज गेली होती, आणि आतून सुपरवायझरची हाक आली.

जेवणाच्या सुट्टीत सेक्रेटरींचा मेसेज. "मला अजून तसंच दिसतंय." मी उघडलं तर मलाही तसंच. बारा नंबर, मयत. आता इथे मला माझ्या शिक्षणाने दगा दिला. मला माहीत होतं की फोन एकदा बघितलेलं पान साठवून ठेवतो आणि आळस करून तेच परत दाखवतो. बोटाने पान वरून खाली ओढलं की नवं येतं, पण कधी कधी तेवढ्याने भागत नाही. तरी खात्री म्हणून मी परत फाइल उघडली. आडनावाच्या खाली हयात लिहिलेलं होतं, माझ्याच हातचं. म्हणजे चूक दुरुस्त झाली होती, खोड फोनची. मी सेक्रेटरींना लिहिलं, "रिफ्रेश करा. नाहीतर फोन बंद करून चालू करा. थोड्या वेळाने दिसेल." आणि आबांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. आजींना लावावा की नाही, यात उरलेली दहा मिनिटं गेली. त्यांनी पान पाहिलं नसेल तर मी उगीच कशाला सांगू, आणि पाहिलं असेल तर मी काय सांगू?

दुपारभर मी लेबलं तपासत होते आणि एकही लेबल डोळ्यांत शिरत नव्हतं. लहानपणी मी काही अभद्र बोलले की आई तोंडावर हात ठेवायची. वास्तुपुरुष सारखं तथास्तु म्हणत असतो, कुठला शब्द त्याच्या तथास्तुच्या वेळेला पडेल सांगता येत नाही. मी स्वतःची समजूत घालत होते की आमची वास्तू तर पाडली, आता कोण कुठून तथास्तु म्हणणार? आणि लगेच आबांचं बोलणं आठवायचं. ही आपली गॅलरीच हा गो. मी शिकलेली बाई, पण त्या दुपारी मला खरोखरच भीती वाटत होती की उद्या ऑपरेशनमध्ये काही झालं तर ते माझ्यामुळे झालं असेल. ही भीती मी कुणाला सांगूही शकत नव्हते.

चार वाजता सुपरवायझरला डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि निघाले. रिक्षा मेट्रोच्या कामाशेजारी अर्धा तास उभी होती. रिक्षावाल्याने काहीतरी विचारलं, मी काहीतरी उत्तर दिलं. हॉस्पिटलच्या दाराशी पोचले तेव्हा भेटायची वेळ नुकतीच सुरू झाली होती. आजी खाली बाकावर बसलेल्या. मला बघून उठल्या आणि गळ्यातला पास काढून माझ्या गळ्यात घातला, कारण वर एकालाच सोडतात.

"जा बाय, तूच समजाव त्येंका," त्या म्हणाल्या. "सकाळपासून फोन उशीखाली दाबून ठेवलो हा. माका हात लावूक देत नाय. कोणाचो फोन घेयत नाय."

म्हणजे त्यांनी पाहिलं होतं. तिसऱ्या मजल्यावर मी जिन्याने गेले, लिफ्टची वाट बघणं शक्यच नव्हतं. वाटेत काय बोलायचं ते जुळवत होते आणि प्रत्येक पायरीवर विसरत होते.

आबा खिडकीकडच्या खाटेवर होते. छातीवरचे केस काढून टाकलेले, त्यामुळे एकदम बारीक दिसत होते. मला बघून त्यांनी हाताने बसायची खूण केली.

"इलंस? बस. माका पोचवूची इतकी घाई कित्या गो?"

मी रडायलाच लागले. आबा, चुकलं, वरची ओळ कॉपी केली, शब्द बदलायचा राहिला, असं काहीबाही बोलत सुटले. शेजारच्या खाटेवरचा माणूस मान वळवून बघायला लागला. आबा म्हणाले, "हळू. म्हातारेक कळाक नको म्हणान फोन लपवन ठेवलंय दिवसभर. तू बोंबलतंस कित्या?"

मग जरा हसले. "मेल्यार तरी सातवो मजलो गावलो."

मीही रडता रडता हसले. ते खिडकीबाहेर बघत, आवाज खाली आणून म्हणाले, "सकाळी वाचलंय तेव्हा मात्र जरा भियालंय." एवढ्या वर्षांत आबा कशाला घाबरले, असं मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. हात थंड होता आणि थरथरत होता, पण तो हल्ली तसाच असतो.

"आता नीट केलंस मा?"

"सकाळीच केलं, आबा. अकरा वाजताच."

त्यांनी उशीखालून फोन काढला, चष्मा लावला, पान उघडलं आणि माझ्यापुढे धरलं. "माका अजून मेल्लोच दाखयता."

"तो जुनं पान दाखवतोय. थांबा." मी बोटाने पान वरून खाली ओढलं. चक्र फिरलं, पान नवं आलं. बारा नंबर, मयत. परत ओढलं. मयत. आबांनी फोन स्वतःकडे घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ बघत राहिले.

"आणि ह्यो अकरा नंबर कसो जितो झालो?"

मी फोन ओढूनच घेतला. अकरा नंबर, काकांचं नाव, हयात. जिन्यात उभं राहून, घाईघाईत, मी आबांना नव्हे तर काकांना जिवंत केलं होतं. आडनाव एकच. फाइलमध्ये अकरा आधी येतो, तोच माझ्या नजरेला पडला. खोलीचा नंबर वरच्या टीडीत होता, फोनच्या पडद्याबाहेर. दुपारी खात्री करायला म्हणून परत उघडलं तेव्हाही मी काकांचीच ओळ बघून समाधान करून घेतलं होतं.

मी तिथेच, खाटेच्या कडेवर बसून, आधी बारा नंबर दुरुस्त केला. या वेळी खोलीच्या आकड्यापासून एकेक टीडी बोट ठेवून मोठ्याने वाचत गेले आणि आबा हं, हं करत होते. बारा. नाव. हयात. पान नवं आणलं आणि त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी तो शब्द वाचला, चष्मा काढला आणि फोन छातीवर ठेवला.

"जित्या माणसाक मेलो म्हटला की आयुष्य वाढता," ते म्हणाले. "आता तां वरचा बघ. तिना बघल्यान तर काय वाटात तिका?"

मी अकरा नंबर उघडला. हयात हा शब्द एकेक अक्षर मागे येत खोडला आणि मयत लिहिलं. पहिल्यांदा लिहिला होता त्यापेक्षा या वेळी तो लिहिणं अवघड गेलं. पण मनात आबांची उद्याची काळजी एवढी होती की मी त्यावर फार विचार केला नाही. काकूंचं वय झालंय, त्या कशाला फोनवर बघत बसतील, अशी मी सोयीस्कर समजूत करून घेतली आणि त्यांना फोन केला नाही. खरं सांगायचं तर माझ्यात ती हिंमतच उरली नव्हती. खाली येऊन मी आजींच्या गळ्यात पास परत घातला आणि म्हटलं, "आता फोन देतील तुम्हाला."

गुरुवारी मी कामावर गेलेच नाही. सकाळी आठला आबांना आत नेलं. घरात मी ओटा दोनदा पुसला, धुतलेले डबे परत धुतले. आणि दर दहा मिनिटांनी ते पान उघडून बारा नंबरची ओळ बघितली, जणू मी लक्ष ठेवलं नाही तर शब्द पुन्हा बदलेल. नवऱ्याने दोनदा ऑफिसातून फोन केला. दोन्ही वेळा मी त्याच्यावरच खेकसले. एक वाजून गेला, दोन वाजले. अडीचला आजींचा फोन आला. मी पहिल्याच रिंगला उचलला.

"झाला गो," आजी म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले, बरा झाला. अजून झोपेतच असत. रातीक शुद्धीर येतले."

मी तिथेच जमिनीवर बसले आणि पोटभर रडले. मग उठून चहा केला. दोन दिवसांत पहिल्यांदा चहाला चव लागली.

चहा संपायच्या आत काकूंचा फोन आला. त्यांचं नाव बघून माझी पाचावर धारण बसली. आता हा दुसरा हिशेब चुकता करायचा राहिलाय, असं मनात म्हणत मी फोन घेतला.

"काकू, मी तुम्हाला फोन करणारच होते. माझ्याकडून फार मोठी चूक झाली."

"अगं हो, सेक्रेटरींनी सकाळी सांगितलं मला. चूक झाली होती, काल संध्याकाळीच दुरुस्त केली म्हणून. ते राहू दे. आबांचं काय झालं?"

मी सांगितलं. काकू म्हणाल्या, "देव पावला." त्यांच्या भावाच्या घरातला टीव्ही मागे ऐकू येत होता.

"मी रोज दुपारी जेवण झालं की ते पान बघते," काकू म्हणाल्या. "काल बघितलं तर यांच्यापुढे हयात. आधी वाटलं, चष्म्याचा दोष. मग नीट वाचलं, खालच्या ओळीकडे नजरही गेली नाही. कळलं मला, तुझ्याकडून चुकून झालंय."

"तेव्हाच मला फोन का नाही केलात, काकू?"

"केला असता तर तू लगेच बदललं असतंस."

मी रिकामा कप हातात धरून उभी होते.

"सगळ्यांकडे आता बदललंय म्हणे," काकू म्हणाल्या. "माझ्याकडे अजून तसंच आहे. मी कालपासून ते पान बंदच केलं नाही. सेक्रेटरी म्हणाले, बोटाने वरून खाली ओढा, म्हणजे बरोबर दिसेल."

"हो, काकू. तसंच करायचं असतं."

"माहितीय गं," काकू म्हणाल्या. "नाही ओढलं मी."